सातव्या लेव्हलचा पूल

दीक्षा : आबाजी, बटन तं दाबा! कवाचा तो माणूस तसाच उभा आहे.

चंपत : त्याले कोणी सांगतलंच नाही, तं तो कावून हालन?

दीक्षा : गेम आहे हा! तुमी हालवाल तवा तो हालन. मागच्या लेव्हलसारखंच, या बाणानं पुढे, याच्यानं उडी.

चंपत : अन् त्याच्यासंग कोण आहे?

दीक्षा : कोणीच नाही. वही तो गेम है! अकेला माणूस, हातात कंदील, अन् रस्ता आपला आपण शोधायचा.

चंपत : म्हंजे माह्या क्रेनची केबिनच झाली. बत्तीस साल लोखंडाच्या प्लांटात वर एकटा. आता इथं रिसालीच्या घरात, तू कॉलेजले गेली का खाली एकटा.

दीक्षा : नाटकं नका करू. सहा लेव्हल तं फटाफट केल्या. ही सातवी. हिलेच आज गेममधून काढून टाका लागते.

चंपत : कावून?

दीक्षा : संध्याकाळी सहाच्या आत गेम वेबसाइटवर टाकायचा आहे, कॉम्पिटिशनसाठी. अकरा दोस्तांनी खेळून पाहिला, सारे इथंच अटकले. माहा पार्टनर प्रफुल म्हणते, डिलीट कर. पण मले हीच आवडते, आबाजी. हिच्यासाठीच तं पूर्ण गेम बनवला.

चंपत : मंग हिच्यात करायचं काय असते?

दीक्षा : ते नाही सांगत. घ्या, पुन्हा सुरूपासून लावली. समोर दरी आहे, पूल दिसत नाही, सगळं धुकं. दाबा काहीतरी!

चंपत : नाही दाबत.

दीक्षा : अहो!

चंपत : खालचं दिसत नसलं तं क्रेन हालवायची नाही. हूकले दहा टन माल लटकून राहिला, अन् मी अंदाजानं दाबू? खालून हिरालाल, माहा सिग्नलवाला, हात करन, मंगच हालवायचं. तोवर चूप बसायचं.

दीक्षा : पण इथं हिरालालकाका कुठून...

चंपत : तू बी चूप बस.

(एक मिनिट जाते. पडद्यावरचा माणूस कंदील घेऊन तसाच उभा.)

चंपत : अवं पोरी, धुकं हटलं! पाह्य, पूल होता ना तिथं!

दीक्षा : आबाजी! जिंकले तुमी! काहीच नव्हतं करायचं, फक्त साठ सेकंद थांबायचं! बाकी सारे उड्या मारू मारू मेले!

चंपत : मंग? काढून टाकतं का आता?

दीक्षा : हट! आता तं मुळीच नाही. प्रफुलले सांगतो, माह्या आबाजीनं पहिल्याच झटक्यात केली.

चंपत : बरं वाटलं मले त्या धुक्यात. वाटलं, खाली हिरालाल उभा आहे.

दीक्षा : कुठं असतात ते आता?

चंपत : उतईले. रिटायर झाला अन् गेला. दोन साल झाले, ना त्याचा फोन, ना माहा. मले वाटे, आधी तो करन.

दीक्षा : इतक्या जवळ? लावू काय फोन?

चंपत : लाव. बत्तीस साल त्यानंच हात केला. आता मी करतो.