हेडमास्तरांनी बसू न दिलेला कॉम्प्युटर

मंडळी, एक सांगा — घटकाभर जो बसला, तो आळशी का? उत्तर मनात ठेवा, आधी आमच्या तबलजींकडे बघा! मी कीर्तनात बोलतोय तोवर यांची बोटं नुसती हळूच ठेका धरून आहेत. आणि गजर आला की? हात दिसत नाहीत, हात! मग आत्ता हे आळशी झाले का हो? — तबलजी, तुम्ही मान हलवू नका, तुम्हाला नाही विचारलं!

तर ऐका. देवरुखात एक निवृत्त हेडमास्तर होते, दिगंबर खांबेटे. कोणी टेकलेलं दिसलं की यांचं डोकं उठायचं! शाळेत शिपाई टेकला — "ऊठ, घंटा पूस!" घरात सुलोचनाबाई टेकल्या — "अगं, बसलीस काय? डबे घास!"

मुलगी मुक्ता कॅनडात. तिला मुलगा झाला, म्हणून घरात कॉम्प्युटर आला. रविवारी बारसं, आणि पाळणा म्हणणार आजी — इथून, कॉम्प्युटरवरून! बाईंनी स्वतः पाळणा रचला, महिनाभर पाठ केला. फोटोतला नातू त्यांना एकदा हलताना बघायचा होता.

कॉम्प्युटर बसवताना भाच्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा लावून दिला. म्हणाला, "मामा, आत प्रोसेसर असतो. सेकंदाला अब्जावधी ठोके टाकतो. काम आलं की ठोके वाढवतो, नसलं की कमी करतो. हा आकडा म्हणजे त्याचा वेग, अब्जांत."

झालं! मास्तर खुर्ची टाकून आकड्यासमोर. साडेतीन… दोन… एक… पाऊण!

"अगं, हा झोपला! माझ्या घरात कामचुकारपणा?"

सेटिंगमध्ये शिरले आणि वेग कायमचा पूर्ण करून टाकला. वर याला काम हवं, म्हणून बुद्धिबळाचे पाच डाव लावले — कॉम्प्युटर विरुद्ध कॉम्प्युटर! हरला तरी तोच, जिंकला तरी तोच! आणि धूळ नको म्हणून वरून बाईंचं क्रोशाचं कव्हर. मे महिन्यात!

रविवार उजाडला. कॉल लागला, मुक्ता दिसली, बाईंनी पहिली ओळ उचलली — आणि चित्र थिजलं! मुक्ताचं तोंड उघडं ते उघडंच. आकडा बघतात तर — पाऊण!

"अरे, आज पळ! आज तरी पळ!" मास्तर टेबल बडवतायत. पळेल कसा? आठवडाभर तापून निघाला होता बिचारा, जीव वाचवायला आपणच हळू झाला!

बाईंच्या बटणांच्या फोनवर मुक्ता — "आई, किती थांबू? बाळ रडायला लागलंय गं."

बाईंचे डोळे भरले. उठल्या, कव्हर ओढून काढलं, हात लावला — चटका!

"अहो, चहा उकळेल यावर! बंद करा ते डाव. बसू दे त्याला दहा मिनिटं."

"बसू दे?"

"हो, बसू दे! चाळीस वर्षं मला बसू दिलं नाहीत, मी बोलले नाही. पण आज माझ्या नातवाचा पाळणा चुकला ना, तर या घरात पुन्हा चूल पेटायची नाही!"

मंडळी, ज्यांना अख्खी शाळा टरकायची, त्यांनी मुकाट पाचही डाव मिटले. एक तर जिंकत आला होता! पुठ्ठा घेऊन कॉम्प्युटरला वारा घालत बसले. दहा मिनिटांनी पुन्हा कॉल लावला, आणि आकडा सरसर साडेतीनवर! नातवानं जांभई दिली, तीसुद्धा दिसली. बाई गायल्या, रडल्या, पुन्हा गायल्या. पाळणा संपला तेव्हा मास्तरांचा पुठ्ठा बाईंकडे वळला होता.

"तू बस गं," ते म्हणाले. "चहा मी टाकतो."

पुरुष मंडळी, हसता काय? पहाटेपासून पूर्ण वेगानं पळणारं तुमच्या घरात कोण आहे? ते बघा, आत्ताही मागे उभ्यानं प्रसादाचे द्रोण भरतायत! वहिनी, ठेवा ते खाली आणि बसा. आज प्रसाद ही पुढची रांग वाटेल. उठा, उठा! — तबलजी, तुम्ही बसा. तुमचं काम आता आलं. पळू द्या हात — बोला, नारायण, नारायण!