मुलाला अ‍ॅडमिशन कुठे मिळाली?

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या आपल्या मराठी मंडळाला एक तरी चांगला सिनेमा दाखवायचाच, असं मी ठरवलं होतं यार. आमचे अध्यक्ष लिमये काका म्हणाले, "दाखव एकदा. लोक कंटाळले, तर पुन्हा अंताक्षरी."

मी फ्रेंच सिनेमा निवडला. दिग्दर्शकाने स्वतःच्याच तरुणपणावर काढलेला. त्यातला मुलगा बारावीचा पेपर सोडून मैत्रिणीच्या मागे पॅरिसला जातो. तो स्टेशनवर एकटा उभा असतो आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले. मी स्वातंत्र्यावर बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"अरे, पण त्याला पुढे अ‍ॅडमिशन कुठे मिळाली?"

"काका, तो मुद्दाच नाहीये!"

"असं कसं? पेपर सोडलाय त्याने!"

मी वैतागून ओरडलो, "अहो, तो मुलगा म्हणजेच दिग्दर्शक! मोठा झाल्यावर त्यानेच हा सिनेमा काढलाय!"

"मग आधी सांगायचंस ना! सेटल झाला म्हणजे." आणि हॉलमध्ये चक्क टाळ्या पडल्या.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात लिमये काकूंनी विचारलं, "त्याच्या आईने पाहिला असेल का रे हा?"

मी तोंड उघडायच्या आत बाकी सगळ्यांनीच उत्तरं द्यायला सुरुवात केली. अर्धे आईच्या बाजूने, अर्धे मुलाच्या. पोरं इंग्रजीतून भांडायला लागली. हॉल बंद झाला तरी पार्किंगमध्ये, कडाक्याच्या थंडीत, वाद चालूच.

शेवटी काका गाडीची काच खाली करून म्हणाले, "त्याच्या आईने काढलेला सिनेमा आहे का रे? पुढच्या महिन्यात तो आण."