महिना अक्षरात

मंदाकिनी : "महिना अक्षरात लिही, मंदा. आकडे फितूर होतात." अस्संच म्हणत तुझे काका. गॅसच्या कार्डावर तारीख टाकली तरी तेच.

चेतना : अन् हे तुम्ही मला आज सांगून राहिल्या, काकू? पाडव्यापासून आता दिवाळी आली!

मंदाकिनी : तू विचारलंच आज. तारीख कशी पाहिजे म्हणून. आतापर्यंत जशी आली तशी घेतली.

चेतना : मी काकांच्या कारखान्यातल्या साऱ्या मेल लॅपटॉपच्या वहीत उतरवल्या ना, तेव्हा ऑफिसचाच साचा उचलला. एक मेल, एक पान, वर तारीख. बस. आता अडचण काय आली ते सांगा. मला बारा वाजता मीटिंग आहे.

मंदाकिनी : अडचण नाही ग. माझा नेम तुले माहीत आहे. सकाळी दिवा लागला की त्यांचं एक पान. आज जी तारीख, मागच्या वर्षीच्या त्याच तारखेचं. आजचं वाचलं, तर त्यात लिहिलं आहे, लू चालू आहे, लेबरसाठी मठा पाठवा.

चेतना : नोव्हेंबरमध्ये उन्हाळ्याची लू?

मंदाकिनी : म्हणून तर विचारलं. अन् एक अजून. बारा तारखेपर्यंतच पानं सापडतात. तेरापासून महिनाअखेरपर्यंत काहीच नाही.

चेतना : काहीच नाही कैसे? काका रोज मेल टाकत.

मंदाकिनी : बारा दिवस बोलतात, मग मौन. दर महिन्याले. मले वाटलं, त्यांनीही काही व्रत धरलं असेल. त्या दिवसांत मी नुसता जप करते.

चेतना : एक मिनिट. सतरा जूनला तुम्ही वहीत काय शोधलं?

मंदाकिनी : सतरा-सहा. नव्हतं.

चेतना : सहा-सतरा दिसलं नाही?

मंदाकिनी : दिसलं. पण सतरावा महिना कुठं असते? कारखान्याचा काही नंबर असेल म्हणून हात नाही लावला.

चेतना : हे भगवान! काकू, महिना आधी आहे. आमच्या ऑफिसचा साचा अमेरिकेवाल्यांचा, आधी महिना मग दिवस. सहा-सतरा म्हणजेच सतरा जून. अन् बाराच्या आतल्या तारखा तुम्ही साऱ्या उलट्या वाचल्या.

मंदाकिनी : साऱ्या?

चेतना : एक-एक, दोन-दोन सोडून. रडू नका ना. मौन-बिन काही नव्हतं, काका रोज बोलत होते. आत्ता ठीक करते. पहा, इथं दोन एम टाकले की महिन्याचा आकडा येतो. चार टाकले की पूर्ण नाव. आधी दिवस, मग चार एम, मग वर्ष. सेव्ह. काकांच्या मनासारखं झालं.

मंदाकिनी : इतकंच होतं?

चेतना : इतकंच. पानं पुन्हा मांडून राहिलं आहे ते... आली. हे घ्या आजचं खरं पान. सहा नोव्हेंबर. इंग्रजी अक्षरांत हिंदी आहे, तुम्ही अक्षरं जुळवत बसाल, मीच वाचते. "दो नंबर बंकर की प्लेट आज नापी. इस हफ्ते जेठ. एकादशी थी, लेबर कम था, इसलिए बंकर खाली मिला. नीचे की प्लेट बहुत घिस गई है. आज से एक साल चलेगी, उससे ज्यादा नहीं. उसके बाद नीचे आदमी खड़ा न करें. एस. सावर." म्हणजे सावरबांधे. काका आपलं आडनावही अर्धंच टाइप करत.

मंदाकिनी : थांब.

चेतना : काय झालं?

मंदाकिनी : हे पान मी वाचलं आहे. अकरा जूनले.

चेतना : हो, तेव्हा ते अकरा-सहा दिसत होतं. इसीलिए तर बदललं.

मंदाकिनी : ती एक वर्षाची ओळ वाच परत.

चेतना : "आज से एक साल चलेगी, उससे ज्यादा..." काकू, उठल्या कशाला? बसा. बंकर म्हणजे काय असतं?

मंदाकिनी : कोळशाचा डब्बा. दोन माळ्यांइतका उंच टांगलेला. खाली भैय्यालाल उभा राहते सळाक घेऊन. कोळसा अडकला की टोचते. प्लेट म्हणजे त्या डब्ब्याचा तळ, फाटला तर सारं त्याच्याच डोक्यावर.

चेतना : आपला भैय्यालाल? शांताचा नवरा? मागच्या वस्तीतला, पाऱ्यातला?

मंदाकिनी : तोच. वीस वर्षं ह्यांच्या हाताखाली होता. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मले म्हणाले, "तारीख मेलमध्ये आहे, मंदा. त्या दिवसानंतर भैय्यालालले बंकरखाली उभं राहू देऊ नको. माझं कोणी ऐकलं नाही. तुझं तो ऐकेल." मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. तू काय समजली, मी तुले मेल उतरवून काहून मागितल्या? नेम नंतर झाला. आधी वचन होतं.

चेतना : अन् तुम्ही मला सांगितलं नाही.

मंदाकिनी : नवऱ्याले दिलेलं वचन काय सांगत फिरायचं?

चेतना : मग अकरा जूनला तुम्ही काय केलं?

मंदाकिनी : पहाटे पान वाचलं. म्हटलं, वर्ष आजच भरते. शांताकडे निरोप धाडला, तुळशीचा ओटा खचला आहे, भैय्यालालले पाठव. दिवसभर त्याच्याकडून ओटा लिंपून घेतला. चांगला ओटा फोडून पुन्हा लिंपला. मी कारखान्याकडे, सिलतऱ्याकडे तोंड करून बसून राहिली. म्हटलं, आता आवाज येते, मग येते.

चेतना : इथून तेलीबांध्याहून सिलतऱ्याचा आवाज?

मंदाकिनी : आला नाही. दुसऱ्या दिवशीही त्याले थांबवलं. तिसऱ्या दिवशी तो हसला अन् गेला. काही झालं नाही. मी समजली, प्लेट बदलली असेल. देवापुढे साखर ठेवली. वचन फिटलं म्हटलं.

चेतना : पण काकू, तुम्ही तर तिथीवर चालता. या मेलमध्ये एकादशी आहे. जूनची नाही हे कळलं नाही?

मंदाकिनी : म्हणूनच तर फसली ना, बेटा. "जेठ. एकादशी." मी ज्येष्ठ वाचलं. मागच्या वर्षीचं पंचांग काढून पाहिलं. निर्जला एकादशी दहा जूनले होती. पान अकराचं. जुळलं. मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

चेतना : जेठ के आगे टिंब आहे, काकू. शब्द अर्धा आहे. काकांनी सावरबांधे अर्धं सोडलं तसं. ते ज्येष्ठ नाही. जेठौनी आहे. देवउठनी!

मंदाकिनी : ...कार्तिकातली.

चेतना : मागच्या वर्षी चार नोव्हेंबरला होती. आमच्या ऑफिसमध्येही छुट्टी मागत होते सारे.

मंदाकिनी : तीस वर्षं शांता माझ्या दारात उसाचा मांडव घालून जेठौनी, जेठौनी म्हणून राहिली. अन् मले ज्येष्ठच दिसला. पंचांग माझ्या हातात होतं, चेतना. मीच चुकली.

चेतना : साचा माझा होता. ते नंतर रडू. म्हणजे वर्ष भरतं आज.

मंदाकिनी : भैय्यालालले फोन लाव. स्पीकरवर.

(घंटी वाजत राहते. मागे यंत्रांची घरघर, मग आवाज.)

भैय्यालाल : राम राम, बाई! फिर तुलसी चौरा टूट गया क्या?

मंदाकिनी : भैय्यालाल, कुठं आहेस?

भैय्यालाल : कंपनी में हौं, बाई. दू बजे से बंकर की ड्यूटी है, पर आज लोडिंग में जल्दी बुला लिए. दिवाली के पहले माल निकालना है न. कल से बंकर ऊपर तक भर दिए हैं.

मंदाकिनी : दोन नंबर?

भैय्यालाल : हव, दू नंबर. ठसाठस.

चेतना : भैया, उसकी प्लेट बदली थी क्या? जून के बाद?

भैय्यालाल : बदली कहाँ, दीदी? हरा रंग मार दिए हैं. दूर से नवा दिखथे.

मंदाकिनी : आज खाली उभा राहू नको.

भैय्यालाल : लो! अब कौन सा ग्रह है, बाई? जून में दू दिन आपका मुहूर्त मानेंव, तो सुपरवाइजर अभी तक चिढ़ाथे. "बाई से पूछ के आया न?" पूरा शेड हँसथे.

मंदाकिनी : तेव्हा तारीख चुकली होती माझी. आजची खरी आहे.

भैय्यालाल : तारीख तो आपकी कभी नइ चूके, बाई. एकादशी शांता भी आप से पूछ के रखथे.

मंदाकिनी : साहेबांनी लिहून ठेवलं आहे रे. साहेबांनी.

भैय्यालाल : ...साहब ने?

मंदाकिनी : तुझ्यासाठी. नाव घेऊन मले सांगितलं होतं.

भैय्यालाल : साहब रहते तो बात अलग थी. अब मैं नइ खड़े होहूँ, तो कोई दूसर ला खड़ा करहीं. ओकरो घर में कोई होही न? वैसे एक बात है. परसों से बंकर गाथे, बाई.

चेतना : गाता है मतलब?

भैय्यालाल : टिन... टिन... जैसे कोई भीतर से चम्मच मारे. नवा कोयला है, इसलिए, सुपरवाइजर बोलिस. हव, आवत हौं! बुलावत हैं, बाई. शाम को फोन करहूँ. कुछु नइ होवय.

मंदाकिनी : भैय्यालाल, ऐक...

चेतना : कटला. परत लावते. ...उचलत नाही. काकू, मी मॅनेजरला मेल टाकून राहिली. हे पान जोडून. गेली. ...आलं उत्तर.

मंदाकिनी : काय म्हणते?

चेतना : आपोआपचं उत्तर आहे. साहेब दिवाळीच्या सुट्टीवर, पंधरा तारखेनंतर भेटतील. ठीक आहे, काकांच्या जागी आता जो सेफ्टीवाला असेल, त्याला गाठू. कंपनीच्या पानावर इमर्जन्सीचा नंबर आहे. लावते. ...हे काय?

मंदाकिनी : काय?

चेतना : माझ्या फोनवर "काका" आलं. अन् रिंग जाऊन राहिली. काकू, घरात कोणता फोन वाजून राहिला?

मंदाकिनी : देवघरात. त्यांचाच आहे. मी रोज चार्ज करून ठेवते.

चेतना : इमर्जन्सीला अजून काकांचाच नंबर आहे. नऊ महिने झाले काकांना जाऊन.

मंदाकिनी : गेटवरच्या पाटीवरही तोच असेल. पावसाळ्यात दोनदा वाजला होता. मी उचलला नाही. त्यांचा फोन मी कशी उचलू?

चेतना : बंद करा तो आवाज. नाही, मीच कापते. काकू, लेबर ऑफिसला लावू, पोलिसांना लावू. कोणीतरी ऐकेल.

मंदाकिनी : लाव. साऱ्यांना लाव. अन् ते पान मले छापून दे.

चेतना : पान कशाला? तुम्ही कुठं निघाल्या? काकू, सकाळपासून पाणी नाही घेतलं तुम्ही. सोमवार आहे तुमचा.

मंदाकिनी : किती वाजले?

चेतना : साडेअकरा. दोनला त्याची बंकरची शिफ्ट.

मंदाकिनी : ऑटोनं तासभर लागते. पोचते मी.

चेतना : फोनवर ऐकलं नाही तो, तिथं काय ऐकणार?

मंदाकिनी : फोनवर माझा आवाज पोचतच नाही. लग्नात घेतलेला माझा उखाणाही ह्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, असं म्हणत. तिथं बोलायचं काय आहे? बसायचं आहे. माझ्या पाच माळा बाकी आहेत.

चेतना : कुठं बसणार?

मंदाकिनी : गेटच्या आत नाही सोडलं, तर गेटवर. सोडलं, तर बंकरखाली, भैय्यालाल उभा राहते त्या जागी. सावरबांधे साहेबांच्या बायकोच्या डोक्यावर तर कोळसा नाही सोडणार कोणी.

चेतना : काकू! अन् तो आपोआप सुटला तर?

मंदाकिनी : छापलं का पान?

चेतना : मी तुमच्यासोबत येते. लॅपटॉप बंद करते.

मंदाकिनी : नको. तू देवघरात बस. त्या फोनजवळ.

चेतना : कशासाठी?

मंदाकिनी : तिथं कोणी मदतीले ओरडलं, तर तो इथंच वाजेल. ह्या खेपेस उचल.

चेतना : ...उचलते. हे घ्या पान. तारीख पहा, महिना अक्षरात आहे.

मंदाकिनी : दिसला. चष्म्याशिवाय दिसला. माळ दे ती. अन् दिव्यात तेल आहे का बघत जा.

चेतना : अन् तुमचं आजचं वाचन, काकू? ते तर राहिलंच.

मंदाकिनी : आजचं पान मी जूनमध्येच वाचलं, बेटा. करायचं तेवढं राहिलं आहे.