व्याह्यांच्या गाडीखालची थाळी

हॅलो?… हो, बापच बोलतोय तुझा. जरा मोठ्याने बोल ठमे, गॅरेजात आहे, हातात ब्रश आहे…

अगं ऐक ना. तुझ्या सासऱ्यांचा अपमान वगैरे काही केलेला नाही मी. त्यांच्या गाडीखाली फक्त थाळी ठेवली… हो, जेवायचीच. पोचे आलेली, जुनी. ते आत चहा पीत होते, मी हळूच सरकवली. निघताना ते वाकून बघतील हे मला काय स्वप्न पडलं होतं?

रुसलेत?… तुझ्याशीही बोलत नाहीत? कालपासून?… आता थाळी काय तू ठेवली होतीस?

हे बघ, कंबर मोडून घातलंय हे काँक्रीट. गेल्या रविवारी व्याहीबुवा आले, गाडी थेट आत. ते गेले, मी माझी आत लावली. सकाळी बघतो तर तेलाचा काळा डाग, बशीएवढा… नाही, लगेच निघत नाही तो. आधी लाकडाचा भुसा टाकून तेल पिऊ द्यायचं, मग कपड्यांची पावडर, गरम पाणी आणि ताठ ब्रश. मी आधी ओला फडका मारला. बशीचं ताट झालं. आईला बोलू नकोस.

निघाला ना. पण आता तेवढीच जागा पांढरीफटक आणि बाकीचं कळकट दिसतं. म्हणून सगळंच घासतोय, गाडी इकडून तिकडे ढकलत. तरी रोज नवा ठिपका… त्यांचंच तेल, दुसरं कुणाचं? मुरलंय आत. फिरतं ते.

थाळी? हो, कोरडी निघाली… मग? परक्याच्या घरी गाडीसुद्धा संकोचते.

…माझी? शब्द जपून वापर. बावीस वर्षं झाली तिला, थेंब गाळला नाही तिने… हो, म्हणालो. फाटकापाशी, त्यांच्या तोंडावर. माझी गाडी गळली तर मिशी उतरवीन. आजही म्हणतो.

माफी? मी?… हॅलो?… ठमे, रडतेस का?… अगं, असं नको करू. बरं. बरं बाई, संध्याकाळी फोन करतो त्यांना. चुकलं म्हणतो. झालं?… पुस डोळे.

थांब, फाटक वाजलं… तुझे सासरे आलेत. पायी. हातात काय आहे… थाळी आहे गं. नवीकोरी.

या व्याहीबुवा, या… सरळ आत शिरले. गुडघे टेकले… माझ्या गाडीखाली सरकवली.

आता बादली उलटी करून बसलेत तिथेच… बसू दे. बसू दे अंधार पडेपर्यंत. बावीस वर्षं मी तिला…

…

ऐकलंस?… नाही, नळ नाही. नळ बाहेर आहे.

…परत.

हसतायत. पोट धरून हसतायत तुझे सासरे… तूही? आत्ता रडत होतीस ना?… म्हणजे बोलणार का ते तुझ्याशी आता?… विचारतो. व्याहीबुवा, पोरीशी अबोला सुटला ना?… मान हलवली. हो म्हणतायत.

आई आली बघ. आरसा आणलाय… आणि कात्री. कात्री व्याह्यांच्या हातात दिली तिने.

ठेवतो आता… नाही, राग नाही गं. ओठ हलवू नका म्हणतायत.