जिंकून आणलेला गंज

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या खाडीकाठ जुनी गाडी मंडळाच्या आधारस्तंभ माननीय ग्लॅडिस बार्टेल. ज्यांच्या आशीर्वादावर आपल्यापैकी निम्म्या जणांच्या गाड्या सुरू होतात ते फादर डेमियन. आजचे सत्कारमूर्ती आणि माझ्या पत्नीचे थोरले बंधू श्री. ऑर्व्हिल टेस्मर, आत स्वयंपाकघरात अजून मासे तळत असलेल्या आणि त्यामुळे माझ्या भाषणातून सुटलेल्या भगिनी, आणि बे सिटीच्या या माजी सैनिक सभागृहात, बाहेर रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं असताना, आपापल्या देखण्या गाड्या घरी पांघरूण घालून ठेवून साध्या पिकअपमधून आलेले माझे सुज्ञ मित्रहो,

मंडळाने मला ऑर्व्हिलबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं आहे. खरं म्हणजे हे काम लॉरेटाचं. ती त्याची सख्खी बहीण. पण ती म्हणाली, "कॅझ, तूच बोल. मी बोलले तर रडेन, आणि तू बोललास तर लोक हसतील. निरोपाला हसणं बरं." तेव्हा मी इथे उभा आहे तो विनोदी पात्र म्हणून. आपण नि:संकोच हसावं.

ऑर्व्हिल रविवारी ॲरिझोनाला निघतोय, मुलीकडे, कायमचा. डॉक्टरांनी त्याच्या छातीसाठी कोरडी हवा सांगितली आहे. आपल्याकडे खाडीवरून येते ती हवा कशी आहे हे मी सांगायला नको. ती माणसाच्या छातीत शिरते आणि गाडीच्या पत्र्यात शिरते. दोन्हीकडे घरच करते. ऑर्व्हिल म्हणतो, तिकडे गाड्या गंजत नाहीत. मी म्हटलं, "मग तिकडची माणसं हिवाळाभर करतात काय?"

आता मूळ विषयाकडे येतो. विषय तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. एकोणसत्तरची हिरवी कॅमारो. माझे सासरे एमिल टेस्मर, घरात आणि गल्लीत सगळ्यांचे पॉप, यांची गाडी. दोन दारं, गरजेपेक्षा मोठं इंजिन, आणि मागची सीट अशी की तिथे फक्त न आवडणाऱ्या पाहुण्याला बसवावं. पॉपनी याच गाडीत लॉरेटाला गाडी शिकवली, तीही खाडीच्या गोठलेल्या बर्फावर, मासे धरायला बसलेल्या लोकांच्या झोपड्यांमधून वळणं घेत. आजही ती वळताना ब्रेक लावत नाही. मी शेजारी बसून डोळे मिटून घेतो.

पॉप गेले. गाडी धान्याच्या जुन्या कोठारात होती. आम्ही दार उघडलं, तर सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदत होत्या आणि तळाच्या पत्र्यातून जमीन दिसत होती. दार हलकेच ओढलं तर खालची कड हातात आली. ऑर्व्हिलने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "इंजिन चांगलं आहे. बॉडी संपली. आता नवी बॉडी मिळते रे, जशीच्या तशी, कॅटलॉगमधून. मागवू, सगळं तिच्यात बसवू, पुढच्या उन्हाळ्यात चालवू."

मित्रहो, मी किती संतापलो म्हणून सांगू? मी म्हणालो, "म्हणजे बाप म्हातारा झाला की नवा मागवायचा?" वाक्य मला इतकं आवडलं की पुढची कित्येक वर्षं मी ते जिथे तिथे वापरलं. फादर डेमियननी तर ते एकदा प्रवचनात घेतलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय?

वाद मिटेना. तेव्हा आपल्याकडे असे प्रश्न जसे सुटतात तसा तो सोडवायचं ठरलं. स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, पत्ते काढले आणि युकरचा डाव मांडला. जो जिंकेल त्याने आधी निवडायचं: गंजलेली बॉडी, जिच्यावर गाडीचा क्रमांक आहे, की आतलं सगळं, म्हणजे इंजिन, गिअर, स्टिअरिंग. शेवटच्या हाताला माझ्याकडे हुकमाचा गुलाम होता, या खेळातलं सगळ्यांत मोठं पान. तो मी टेबलावर असा आपटला की लॉरेटाची कॉफी सांडली. डाव मी जिंकला.

आणि जिंकून मी गंज निवडला. तुम्ही आत्ता हसताय. त्या दिवशी ऑर्व्हिल अजिबात हसला नाही. त्याने मला गंज ट्रेलरवर चढवायला मदत केली, आणि वाटेत सांडलेला गंज झाडूनही दिला.

पुढे काय घडलं? ऑर्व्हिलची नवी बॉडी पेटीतून आली. काळी कुळकुळीत, दारं अशी लागायची की फक्त 'टप्' ऐकू यावं. पुढच्या उन्हाळ्यात पॉपचं इंजिन तिच्यातून गुरगुरायला लागलं. सरकारी कागदावर तिला 'जुळवलेली गाडी' म्हणतात. मी हा शब्द शोधून काढून ऑर्व्हिलला ऐकवला. तो म्हणाला, "माझं लग्नही जुळवलेलंच होतं. चांगलं चाललं." तो ती गाडी घेऊन शिकारीला गेला, बटाटे आणायला गेला, ईस्टरआधीच्या उपासात, मटण वर्ज्य असलेल्या प्रत्येक शुक्रवारी इथे मासे खायला आला. उन्हात, पावसात, मिठात.

आणि मी? मी मूळ गाडी वाचवत होतो. तळ सडला होता, तो कापून नवा घातला. मागची मडगार्डं सडली होती, तीही बदलली. मग डिकीचा तळ, दारांचे पत्रे, छप्पर, आणि शेवटी आत इंजिन-गिअरही. प्रत्येक तुकडा कुठून मागवला असेल? बरोबर. त्याच कॅटलॉगमधून. नॉर्बर्ट, इतका मोठ्याने हसू नकोस, तुझ्या बॉनेटबद्दल मला सगळं ठाऊक आहे.

आपली सामान पोचवणारी डरलीन दर वेळी ट्रकमधून उतरायची आणि पेटी माझ्या दाराशी ठेवायची. एकदा तिने कमरेवर हात ठेवले. "कॅझ, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार की."

"हे सगळं तुकड्या-तुकड्याने मागवण्यापेक्षा ऑर्व्हिलसारखं एकदम का नाही मागवलंस? माझी एकच फेरी झाली असती."

मी तिला गाडीचा आत्मा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. इथे सही कर."

मग आला तो वसंतातला रविवार. आपल्या मंडळाची रीत आपण जाणताच: नवी गाडी मंडळात आली की अध्यक्षबाई लोकरीच्या मोज्यात जपलेलं चुंबक काढून तिच्या अंगावरून फिरवतात. रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी भरली असेल तर तिथे चुंबक गळून पडतं, आणि मालकाची मान त्याहून खाली जाते. ग्लॅडिसबाईंनी चुंबक माझ्या गाडीवरून फिरवलं. कुठेही पडलं नाही. मी छाती काढून उभा. मग शेजारीच उभ्या असलेल्या ऑर्व्हिलच्या गाडीवरून फिरवलं. तिथेही कुठे पडलं नाही. मी म्हणालो, "पण बाई, माझी अस्सल आहे." बाईंनी चुंबक मोज्यात परत घातलं आणि म्हणाल्या, "दोन्हींत लोखंड आहे, एवढं मला कळतं. कुणाचं लोखंड आहे ते हे चुंबक सांगत नाही."

तरी माझा पीळ गेला का? सुंभ जळला तरी तो जात नाही, आणि माझा तर सुंभही वेल्डिंगने जळला होता. मी गाडी ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला न्यायचो आणि ट्रेलरवरूनच परत आणायचो. ढग दिसला की पांघरूण. एका प्रदर्शनात मला बक्षीस मिळालं, आणि ते घ्यायला मी ऑर्व्हिलच्या गाडीत बसून गेलो, कारण रस्ता ओला होता. भेटलो की ऑर्व्हिल एकच विचारायचा, "चालते का रे?" मी म्हणायचो, "चालवायची गोष्ट नाही ती, जपायची गोष्ट आहे." तो मान हलवायचा आणि बटाटे घेऊन निघून जायचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असा माझा सगळा न्याय होता. माझी ती पॉपची गाडी. त्याची ती कॅटलॉगची.

एक गोष्ट मात्र मी केली होती. कापलेला एकही तुकडा टाकला नव्हता. सफरचंदांच्या लाकडी पेट्यांत भरून तळघरात जिन्याखाली रचले होते. का? मला सांगता येत नाही. टाकवत नव्हते, एवढंच.

आता गेल्या महिन्यातल्या शुक्रवारची गोष्ट. हेच सभागृह, हेच टेबल. ऑर्व्हिलने आम्हाला सांगितलं की तो चाललाय. लॉरेटाने हातातला काटा बाजूला ठेवला. आणि मी, प्रसंगाचं भान असलेला माणूस, काय बोललो असेन? मी म्हणालो, "जा बाबा. नाही तरी पॉपची गाडी इथेच राहतेय."

लॉरेटाने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने या वादात तोंड घातलं नव्हतं. आम्हा दोघांपैकी कुणी तिला विचारलंही नव्हतं. बर्फावर ती गाडी चालवली होती तिने, आणि गाडीची वाटणी होताना आम्ही तिला कॉफी करायला लावली.

ती म्हणाली, "कॅझ, पॉप कारखान्यात काय करायचे?"

"मडगार्डं दाबायचे. प्रेसवर."

"नवी?"

"नवीच. जुनी कोण दाबतं?"

"आयुष्यभर माझा बाप नवा पत्रा दाबत होता. सकाळी जायचा, संध्याकाळी कान बधिर होऊन यायचा. नवा पत्रा म्हणजे पॉप नव्हे असं तू म्हणतोस. मग तो माणूस तिथे दिवसभर करत काय होता?"

मग ती अगदी हळू म्हणाली, "अंगणात तू कॅटलॉग उभा केलायस. ऑर्व्हिल कॅटलॉगमध्ये बसून फिरतो. पॉपची गाडी जिन्याखाली पेट्यांत आहे. आणि आता माझा भाऊ चाललाय, आणि तुम्ही दोघं अजून लोखंड मोजताय."

मित्रहो, मी बोलका माणूस आहे. त्या दिवशी मी माझा मासा मुकाट्याने खाल्ला, आणि चुकून ऑर्व्हिलचाही खाल्ला.

घरी येऊन मी जिन्याखालच्या पेट्या उपसल्या. हाताला लागतं ते सगळं भुसभुशीत, लाल. पण एका पेटीत तळाचा एक तुकडा होता, क्लचच्या पॅडलखालचा. पॉप कारखान्यातले लोखंडी टाचेचे बूट घालूनच गाडी चालवायचे. गालिचा फाटला, तरी त्यांनी बदलला नाही. त्यामुळे तिथल्या पत्र्याला टाचेएवढा खळगा पडलाय. बाजूने सगळं खाल्लंय, पण खळगा आहे. मी त्यात अंगठा ठेवून बघितला. गाडीवर इतकी वर्षं घालवली, आणि जिथे तो माणूस खरोखर टेकला होता ती जागा मी स्वत:च्या हाताने कापून पेटीत टाकली होती. मला हसू आलं. मग हसू राहिलं नाही.

ऑर्व्हिल, इकडे ये. असा लांबून बघू नकोस, भाषण संपत आलंय. हा तो तुकडा. घासलेला नाही, रंगवलेला नाही. फक्त मागे पट्टी लावली आहे आणि दोन बोल्टची भोकं पाडली आहेत, तुझ्या क्लचखाली बरोबर बसतील अशी. मी मापं तुझ्या गाडीवर घेतली नाहीत, माझ्याच गाडीवर घेतली. दोन्ही तळ एकाच कॅटलॉगचे, चुकतील कशाला? तुझ्या गाडीत इंजिन पॉपचं, स्टिअरिंग पॉपचं. फक्त त्यांची टाच टेकायला जागा नव्हती. ती आता घे. आणि तिकडे गंज पुढे सरकत नाही म्हणतोस, म्हणजे हा आहे तसाच राहील.

रविवारी लॉरेटा तुझ्यासोबत निघतेय. संध्याकाळनंतर तुला नीट दिसत नाही, म्हणून गाडी ती चालवणार. वळताना ती ब्रेक लावत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. डोळे मिटून घे. तिच्याशिवाय काही आठवडे मी काय खाणार याची चिंता इथल्या भगिनींनी करावी. आणि तुझ्याशिवाय मी कुणाशी भांडणार याची चिंता मला आत्तापासूनच लागली आहे. खरं सांगतो, मला तुझी फार आठवण येईल रे.

आता आभार. मला बोलू दिल्याबद्दल मंडळाचे, वेळेवर घंटी न वाजवल्याबद्दल अध्यक्षबाईंचे, आणि माशांबद्दल स्वयंपाकघराचे. भाषणात काही ठिकाणी पत्रा कमी आणि पुट्टी जास्त झाली असेल, तर सगळ्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. आणि ग्लॅडिसबाई, आपण कृपया मोज्यातून ते चुंबक बाहेर काढू नये.

आणि शेवटचं. ऑर्व्हिल, आज बाहेर माझ्या पिकअपची नेहमीची जागा रिकामी आहे, हे तुझ्या लक्षात आलं नाही. बाहेर दिव्याच्या खांबाखाली बघ. हिरवी गाडी उभी आहे, ट्रेलर नाही, पांघरूण नाही. चाकांपासून दारांपर्यंत मिठाने पांढरी झाली आहे. रविवारी तुम्हाला राज्याच्या सीमेपर्यंत सोडायला तीच घेऊन येतोय.

तू नेहमी विचारायचास ना? चालते.