नवमीची बंदूक

— नाही, किल्ली इकडे दे, माझ्या हातात. जयवंताकाकूला नको, ती किल्ली घेत नाही, मागंही सांगितलं होतं तुला. कुणाचीच घेत नाही. या घराचीसुद्धा मीच सांभाळतो. दुपारी तुझी आई स्टेशनवरून आली की मी देतो तिला, तू निवांत ऑफिसला जा. आणि हा कागद कसला? बस ना, उभा का? — हौ, काल जिन्यात बोललास ते. रिव्हॉल्व्हरचं लायसन. पोलीस चौकशीला येतील, शेजाऱ्यांना विचारतील, माणूस कसा आहे, डोकं ठिकाणावर आहे का, पिऊन भांडतो का — आणि तुला वाटलं, हिम्मतरावकाका बावीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे होते, त्यांनी लिहून दिलं तर वजन पडेल. पडेल. का नाही पडणार. चांगला माणूस आहेस सारंग, चार वर्षं बघतोय, लिफ्टमध्ये आधी म्हाताऱ्यांना जाऊ देतोस. पेन खिशात ठेव. आधी ऐक.

प्राजक्ताची मान कशी आहे? — राहील वळ आठ-दहा दिवस. मंगळसूत्र ओढताना तार कापते ना. काकूनं हळद लावली तेव्हा पोरीनं हूं की चूं नाही केलं, मला म्हणाली, काका, मला नुसता राग येतोय. बरोबर आहे. दिवसाढवळ्या, आपल्याच गेटसमोर, कुकटपल्लीसारख्या भरल्या वस्तीत दोन हरामखोर मोटारसायकलवरून येतात आणि बाईच्या गळ्याला हात घालतात, राग येणारच. मलाही आला. पण मला एक सांग — तुझ्याकडे रिव्हॉल्व्हर असतं, तर कुठं असतं ते त्या वेळी? चौथ्या मजल्यावर, कपाटात. आणि तू कुठं होतास? ऑफिसात. बरं, समज, होतास तिथंच, कमरेला होतं — चार सेकंदांचं काम ते. एका हातात ईशाचं दप्तर, दुसऱ्या हातात तिचं बोट. काढणार कधी, झाडणार कुणावर? पळणाऱ्या गाडीच्या पाठीवर? पुढं उसाच्या रसाचा गाडा, त्याच्यापुढं ऑटोवाले, त्याच्यापुढं शाळेची बस. त्या गोळीला काय माहीत मंगळसूत्र कुणी ओढलं.

व्हिडिओ नको दाखवू मला. रात्रंदिवस तेच बघतोस, प्राजक्ता सांगत होती. कुठं काय घडलं, कुणी कुणाला कसं अडवलं, कुठलं हत्यार हलकं, कुठलं बायकांच्या पर्समध्ये बसतं. ते व्हिडिओवाले गोळी झाडून झाली की व्हिडिओ बंद करतात. त्याच्यानंतरचं दाखवतात का कुणी? फरशी कोण धुतं, ते दाखवतात? — नाही, मी चिडलो नाही. हौ, चिडलोय. असू दे, चिडू दे की मला, माझं घर आहे.

बावीस वर्षं रे. अफझलगंजची शाखा, व्यापाऱ्यांची गर्दी, कॅशची गाडी यायची-जायची. दुनळी बारा बोअर, माझ्या स्वतःच्या लायसनवरची — तेव्हा बँका असाच माणूस घ्यायच्या, बंदुकीसकट. बावीस वर्षांत मी एक गोळी झाडली नाही तिथं. एकदाही नाही. लोकांना वाटायचं, काय रुबाब. अरे, माझं अर्धं लक्ष माझ्याच बंदुकीवर असायचं. पोरं जवळ आली की नळी आभाळाकडं. लघवीला जायचं तर कुणाकडं द्यायची. इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायची, ते दोन महिने मला घरात झोप चांगली लागायची — खरं सांगतो. घरी आलो की पहिलं काम, बंदूक मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, काडतुसं काढायची, नळीतून उजेड बघायचा, मग कपाट, मग कुलूप. काडतुसं वेगळी, डब्यात, त्याच कपाटात. विकासला लहानपणापासून तेच शिकवलं. म्हटलं, बघ बाळा, घरातली बंदूक रिकामीच असते. बाहेर भरलेली, घरात रिकामी. पाठ होतं त्याला. पाढ्यासारखं.

विकास, हौ. तो भिंतीवर. पंधरा पूर्ण, दहावीला होता. तेव्हा आम्ही जामबागला राहायचो, शाळा चार पावलांवर. हे घर नंतरचं. — वॉचमननं सांगितलं असेल तुला. काय सांगितलं? आईच्या जुडग्यातली किल्ली चोरली, कपाट उघडलं, काडतूस काढलं, बंदुकीशी खेळत बसला. हेच ना? हौ, तसंच आहे ते. पंचनाम्यात तसंच आहे. अकरा वर्षं झाली, ज्याला त्याला तेच माहीत आहे. तू आधी मला सांग, तू कुठं ठेवणार? कपाटात. कुलपात. आणि ती किल्ली? प्राजक्ताकडं? का तिजोरी घेणार नंबरवाली? ईशाला तुझ्या फोनचा नंबर माहीत आहे का? बघ, हसलास. सात वर्षांची पोरगी तुझा फोन उघडून कार्टून लावते आणि तू मला तिजोरीचं सांगतोस.

आणि तुम्हा लोकांना वाटतं चूक म्हणजे कुलूप विसरणं. कुलूप नाही विसरत माणूस. मी कधी विसरलो नाही. शिस्तीचा माणूस होतो मी, मॅनेजर नव्या पोरांना म्हणायचा, हिम्मतरावांकडून शिका. माणूस कुलूप नाही विसरत रे, तो स्वतःच उघडून ठेवतो. देवाच्या नावानं उघडून ठेवतो.

खंडेनवमीला तू काय पूजतोस? लॅपटॉप. हौ, आणि कार. कारला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. लॅपटॉपला हळदीकुंकू लावलं की मग दशमीपर्यंत हात लावतोस का? — लावतोस. ऑफिसचा फोन येतो. आमच्याकडं नव्हते लावत. पूजेला मांडलेलं हत्यार दशमीला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. माझे वडील, एकनाथराव, उदगीरकडचे, रानडुकरांसाठी त्यांच्याकडं जुनी बंदूक होती. ते दरवर्षी चौरंगावर मांडायचे. आणि रिकामी नाही मांडायचे. म्हणायचे, ओटी रिकामी भरतो का आपण? घागर रिकामी पूजतो का? मग हत्यार रिकामं कसं पूजायचं, त्याचा अपमान आहे तो. एक काडतूस घालायचे. दशमीला शेताच्या बांधावर जाऊन आभाळात उडवायचे, मग सोनं लुटायला जायचे. गावात ठीक आहे. बांध होता, आभाळ होतं.

मी काय करायचो? काही नाही. मी रिकामीच — नाही. ऐक. तू कुणाला सांगणार नाहीस, सांगितलंस तरी आता काय होणार आहे. मी पण घालायचो. एकच. ही अंघोळीला गेली की, दार लोटून. तिला कळलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मग मी त्या खोलीतून हलायचो नाही, जेवण तिथं, अंथरूण तिथं, दशमीला सकाळी काडतूस काढलं की श्वास सोडायचो. बावीस वर्षं शहाणा माणूस, आणि वर्षातून एक दिवस वडिलांचा मुलगा. वाटायचं, एवढं एक त्यांचं ठेवलं नाही तर आपण गाव सोडून आलो ते पार तुटूनच आलो.

त्या वर्षी फोन आला शाखेतून. तिथंही पूजा, कॅशच्या गाडीपुढं कोहळा फोडायचा होता, दरवर्षी फोडायचा तो ड्रायव्हर आजारी. मॅनेजर म्हणाला, हिम्मतराव, तुम्हीच या, तुमच्या हातानं शुभ. अर्ध्या तासाचं काम. मी चौरंगाकडं बघितलं. काडतूस काढावं, असं आलं मनात — आलं होतं. पण दशमीपर्यंत हलवायची नाही ना. हळदीकुंकू लावलंय, माळ घातलीय, आता कशी मोडायची. खोलीला कडी घातली, बाहेरून, नुसती कडी, आणि गेलो. कोहळा एका फटक्यात फुटला. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.

फुलं वाहायला विकास आत गेला असेल. किंवा मित्राला फोटो पाठवायचा असेल — मोबाइल खाली पडला होता त्याचा. बंदूक छातीशी उभी धरली असेल फोटोसाठी. चाप ओढून बघितला असेल. का नाही ओढणार? घरातली बंदूक रिकामी असते. मीच शिकवलं होतं त्याला. त्यानं माझं ऐकलं रे. पंधरा वर्षांचं पोर, बापाचं ऐकणारं पोर होतं ते, त्यानं मी सांगितलेलं खरं मानलं.

आणि मग इन्स्पेक्टरनं विचारलं, बंदूक पूजेत होती, पण काडतूस कुठं होतं. मी म्हटलं, कपाटात. कुलूप होतं? होतं. मग उघडलं कसं? — बघ, माझ्या अंगावर कोहळ्याचा गुलाल होता अजून, आणि माझं डोकं चालत होतं. लायसन जाईल, केस होईल, नोकरी जाईल, हिचं कसं होईल, सगळं एका श्वासात आलं. म्हटलं, पोरानं काढून घेतली असेल किल्ली, आईच्या जुडग्यातून. लिहून घेतलं त्यानं. मी सही केली. तसंच पेन होतं, तुझ्यासारखं. बंदूक जप्त झाली ती मी परत मागितली नाही, बँकेनं मला आत टोकनच्या काउंटरवर बसवलं, आणि मी तिथं आणखी सहा वर्षं पगार घेतला. पोराला चोर करून.

म्हणून सही देणार नाही तुला. तू वाईट आहेस म्हणून नाही. तू चांगला आहेस म्हणून. चांगल्याच माणसाला वाटतं, आपल्या घरात असं होणार नाही. आणि ती चूक तुझी असेल, पण तू ती प्राजक्ताच्या कमरेला बांधशील — बांधतो माणूस, त्या वेळी समोर दिसेल त्याच्या नावावर घालतो. अकरा वर्षं ही किल्लीला शिवली नाही, का माहीत आहे? तिला वाटतं, तिची नजर चुकली. अंघोळीला जाताना जुडगा खुंटीवर ठेवला तेवढ्यात पोरानं काढली. दर नवमीला विचारते मला, कधी काढली असेल हो त्यानं. आणि मी म्हणतो, असू दे, झालं ते झालं. असू दे म्हणतो मी. किल्ली कुणी काढलीच नव्हती. जुडगा जिथं होता तिथंच होता, कपाट बंदच होतं, काडतूस मी भरलं होतं, मी —

जयवंता.

चहा खाली ठेव, भाजेल. कधीपासून उभी आहेस? — बस तरी. नको बसू. बरं. मी सांगणारच होतो, म्हणजे — नाही, नव्हतो सांगणार.

काय? काय पाहिजे? हात काय पुढं करतेस नुसता.

ही किल्ली? ही आपली नाही, ही सारंगच्या घराची, त्याची आई येणार आहे दुपारी, मी देतो तिला, तू कशाला —

घे.

सारंग, तू जा आता. कागद राहिला तुझा, तो घे. आणि दार ओढून घे.