वासाचा साबण

साबणाचं नाव काढू नका. आमी माळावर शेरडं घिऊन ऱ्हायचो तवाची गोष्ट हाय. पाणी लांबनं आणायचं, म्हणून बाजंवर बसून आंगोळ करायची आन् खाली परातीत साठलेलं पाणी शेरडांना पाजायचं. थोरला भाऊ सोलापुरात गिरणीत हुता. त्यानं आमच्या बायकोला वासाचा साबण आणला. ती हौसेनं न्हाली. शेरडांनी परात हुंगली आन् तोंड फिरवलं. बायकोनं साबण भावाला परत दिला.

"दाजी, शेरडं तानलेली ऱ्हायली की."

भाऊ हसला आन् घरी जाऊन वहिनीला सांगितलं.

पुढं त्याच्या घरी गेलो. वहिनीनं तांब्या पुढं केला. "प्या भावजी, आंगोळीचं न्हाय ह्ये."

तान लई लागली हुती. पर शेरडांवानी मीबी तोंड फिरवलं.